दर्यावर्दी लोक व पलिष्ट्यांचें मूळ

पलिष्टी हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. शमशोनाची गोष्ट निघाली कीं पलिष्टी येतात. गल्याथाची निघाली कीं पलिष्टी येतात. शौल राजा गिलबोवा डोंगरावर पडला, तोही त्यांच्याशीं झालेल्या लढाईंतच. इस्राएलाचे वैरी, ह्यापलीकडे त्यांची ओळख आपण सहसा करून घेत नाहीं. परंतु हे लोक मूळचे कोठले, ते आपला देश सोडून कां निघाले, आणि कनानाच्या किनाऱ्यावर कसे येऊन राहिले, असा प्रश्न रविवारच्या शाळेंतील एखाद्या चौकस मुलानें केला, तर शिकविणाराजवळ उत्तर असावें. त्या उत्तराचा मोठा भाग मिसर देशाच्या दगडी भिंतींवर व जुन्या कागदांवर लिहिलेला आहे. तो येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. नांवाविषयीं

विद्वान लोक ज्यांस 'समुद्रावरील लोक' म्हणतात, ते एका जातीचे नव्हते. तें नांवही मिसरी लोकांनीं दिलेलें नव्हे. एमान्युएल द रूजे नांवाच्या फ्रेंच पंडितानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें प्रथम वापरिलें, व पुढें गास्तों मास्पेरो ह्यांच्या ग्रंथांमुळें तें रूढ झालें. मिसरी लेखकांनीं प्रत्येक टोळीचें नांव वेगळें लिहिलें आहे. शर्देन, लुक्का, एक्वेश, तेरेश, शेकेलेश, पेलेसेत, चेकेर, देन्येन व वेशेश, अशीं तीं नऊ नांवें होत. ह्यांतील कांहींविषयीं, ते समुद्राच्या मधून आले, असें म्हटलें आहे. मिसरी लिपींत स्वर लिहीत नसत. म्हणून हे उच्चार आपण अदमासानें करितों.

ह्या नऊंपैकीं पेलेसेत म्हणजेच आपले पलिष्टी. दोन्ही नांवांतील व्यंजनें जुळतात, आणि मिसरी लिपीचा उलगडा ज्यांनीं केला त्या शांपोल्यों ह्यांनींच हें साम्य ओळखिलें होतें. पलिष्ट्यांवरूनच पुढें त्या देशास पॅलेस्टाईन हें नांव पडलें.

२. लुटारू आणि चाकर

हे लोक एकाएकीं उगवले असें नाहीं. इ. स. पू. चौदाव्या शतकांत कुप्र बेटाच्या राजानें फारोला मातीच्या पाटीवर लिहून पाठविलेलें एक पत्र मिसरांत सांपडलें आहे. त्यांत तो म्हणतो कीं, लुक्का लोक दरसाल येऊन माझ्याच मुलखांतील गांवें हिरावून घेतात. लुक्का म्हणजे आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरील तो प्रांत, ज्यास प्रेषितांच्या कृत्यांत लुक्या म्हटलें आहे. पौल बंदिवान असतां ज्या मुर्या बंदरांत त्यास दुसऱ्या तारवावर चढविलें, तें ह्याच प्रांतांत होतें (प्रेषितांचीं कृत्यें २७:५).

त्यानंतर पुढल्या शतकांत दुसऱ्या रामसेसाच्या कारकीर्दीच्या आरंभीं शर्देन नांवाच्या लोकांनीं समुद्रावरून येऊन नीलेच्या मुखाशीं उपद्रव केला. राजानें त्यांचा पराभव करून पुष्कळांस धरिलें. परंतु त्यांस मारून न टाकितां आपल्या सैन्यांत घेतलें. इ. स. पू. १२७४ च्या सुमारास कादेश येथें हित्ती लोकांशीं मोठी लढाई झाली, तेव्हां राजाच्या अंगरक्षकांत हेच शर्देन होते. भिंतींवरील चित्रांत ते सहज ओळखूं येतात: डोक्यावर शिंगांचें शिरस्त्राण, हातांत वाटोळी ढाल व लांब तरवार. पुढें इ. स. पू. ११४३ च्या सुमारास झालेल्या जमिनीच्या एका मोजणीचा कागद उपलब्ध आहे. त्यांत शेतें बाळगणाऱ्या अनेक शर्देनांची नोंद आहे. ज्यांचे पूर्वज लुटारू म्हणून आले, त्यांचे वंशज सुमारें सव्वाशें वर्षांनंतर शेतसाऱ्याच्या यादींत दिसतात.

३. मर्नेप्ता राजाच्या वेळची स्वारी

दुसऱ्या रामसेसाचा मुलगा मर्नेप्ता ह्याच्या पांचव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. १२०८ च्या सुमारास, पश्चिमेकडील लिबी लोकांचा सरदार मेर्ये हा मिसरावर चालून आला. त्याजबरोबर शर्देन, शेकेलेश, एक्वेश, लुक्का व तेरेश हे उत्तरेकडील लोक होते. कर्नाक येथील देवळाच्या भिंतीवर ह्या युद्धाची लांबलचक हकीकत कोरलेली आहे. सहा हजारांहून अधिक लिबी पडले, असें तींत लिहिलें आहे. त्याच हकीकतींत एक गोष्ट सहज सांगून टाकिली आहे, ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मेर्ये ह्यानें आपली बायको व मुलें बरोबर आणिलीं होतीं. आणि हे लोक रोज पोट भरण्यासाठीं भटकत व लढत होते. केवळ लुटीस निघालेला मनुष्य मुलांबाळांस बरोबर आणीत नाहीं.

ह्याच विजयाप्रीत्यर्थ मर्नेप्तानें एक काळ्या दगडाचा स्तंभलेख उभारिला. फ्लिंडर्स पेट्री ह्यांस तो १८९६ सालीं थीब्ज येथें सांपडला. त्याच्या शेवटीं कनानांतील जिंकलेल्या ठिकाणांचीं व लोकांचीं नांवें आहेत, आणि त्यांत इस्राएल हें नांव आहे. इस्राएल उजाड झाला, त्याचें बीज उरलें नाहीं, अशा अर्थाचे शब्द त्यापुढें आहेत. हे शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

४. दुष्काळ व जळणारीं नगरें

त्या काळीं उत्तरेस आशिया मायनरमध्यें हित्ती लोकांचें बलाढ्य राज्य होतें. त्यांची राजधानी हत्तुशा हल्लींच्या तुर्कस्तानांत होती. त्या राज्यावर उपासमारीची पाळी आली. हित्तींचा देश जगविण्यासाठीं आपण जहाजांतून धान्य पाठविलें, असें मर्नेप्तानें लिहून ठेविलें आहे. ह्या गोष्टीस झाडांचाही पुरावा मिळतो. झाडाच्या खोडांत दरसाल एक वलय वाढतें. पाऊस चांगला झाला तर तें रुंद होतें, पाऊस गेला तर अरुंद. आशिया मायनरांतील गोर्दियन येथें सांपडलेल्या जुन्या लांकडांचीं अशीं वलयें तपासून संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलें कीं, इ. स. पू. ११९८ ते ११९६ हीं तीन वर्षें ओळीनें कडक अवर्षणाचीं होतीं. एक वर्ष पाऊस गेला तर शेतकरी पेवांतील धान्यावर निभावतो. दुसऱ्या वर्षीं गुरें विकितो. तिसऱ्या वर्षीं काय करितो, हें खेड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित नांवाचें एक श्रीमंत व्यापारी शहर होतें. १९२८ सालीं तेथील एक शेतकरी नांगरीत असतां त्याच्या नांगरास एका जुन्या थडग्याचा दगड लागला, आणि पुढल्या वर्षीं क्लोद शेफर ह्यांनीं तेथें खोदकाम सुरू केलें. तेथें मिळालेल्या पाट्यांत उगारितच्या राजाचें कुप्रच्या राजास लिहिलेलें एक पत्र आहे. त्याचा आशय असा कीं, शत्रूचीं जहाजें आलीं, त्यांनीं माझीं गांवें जाळिलीं. माझें सैन्य हित्तींच्या देशांत आहे, माझीं सर्व जहाजें लुक्का देशांत आहेत, आणि माझा मुलूख उघडा पडला आहे. अनर्थ करणारीं शत्रूचीं जहाजें किती होतीं? तो लिहितो, सात. सात जहाजांनीं एका राजास इतकें हवालदिल करावें, ह्यावरून त्या वेळीं रक्षणाची व्यवस्था किती ढासळली होती हें दिसतें. आणखी एका पत्रांत हित्तींचा राजा शिकला लोकांविषयीं चौकशी करितो; ते जहाजांवरच राहतात, असें त्यांचें वर्णन त्यानें केलें आहे. इ. स. पू. ११८५ च्या सुमारास उगारित जळालें. त्याच्या ओसाड घरांत व रस्त्यांत बाणांचीं टोकें विखुरलेलीं सांपडलीं. तें शहर पुन्हां वसलें नाहीं.

५. मेदिनेत हाबूची भिंत

आतां मुख्य लेखाकडे वळूं. नील नदीच्या पश्चिम तीरावर, हल्लींच्या लक्सर शहरासमोर, मेदिनेत हाबू नांवाचें ठिकाण आहे. नहूम संदेष्टा ज्यास नो-आमोन म्हणतो, तें थीब्ज नगर हेंच. तेथें तिसऱ्या रामसेसानें आपलें मोठें देऊळ बांधिलें, व त्याच्या भिंतींवर आपल्या आठव्या वर्षाच्या, म्हणजे इ. स. पू. ११७५ च्या सुमाराच्या, युद्धाचा वृत्तांत चित्रांसह कोरविला.

राजा सांगतो कीं, परक्या लोकांनीं आपल्या बेटांत कट केला. एकाएकीं देशामागून देश उखडले गेले. हित्ती, कर्कमीश, कुप्र, कोणीही त्यांजपुढें टिकलें नाहीं. मग अमुरू प्रांतांत त्यांनीं छावणी दिली व ते मिसराकडे निघाले. पेलेसेत, चेकेर, शेकेलेश, देन्येन व वेशेश अशा पांच टोळ्यांची ती एकी होती. राजानें सरहद्दीवर सैन्य ठेविलें, नीलेच्या मुखांशीं जहाजांची भिंत उभी केली, आणि दोन्हीकडे जय मिळविला.

समुद्रावरील लढाईचें चित्र प्रसिद्ध आहे. शत्रूच्या जहाजांचीं दोन्ही टोकें पक्ष्याच्या डोक्यासारखीं आहेत. त्यांचीं शिडें गुंडाळलेलीं असून वल्हीं कोठें दिसत नाहींत. मिसरी जहाजांच्या टोकाशीं सिंहाचें मुख आहे व त्यांस वल्हीं आहेत. म्हणून वाऱ्यावांचूनही तीं हवीं तशीं वळूं शकत. किनाऱ्यावरून बाणांचा वर्षाव चालला आहे. एक जहाज उलटलें आहे व माणसें पाण्यांत पडत आहेत. ह्या माणसांच्या डोक्यावर पिसांच्या किंवा ताठ केंसांच्या झालरीसारखें शिरोभूषण आहे. पेलेसेत व त्यांचे सोबती ह्यांची ही खूण. पुढें बंदिवानांच्या रांगा आहेत, आणि कारकून मेलेल्यांचे कापलेले हात मोजून लिहून घेत आहेत.

परंतु भूमीवरील लढाईचें चित्र अधिक बारकाईनें पाहावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे. तेथें बैलगाड्या आहेत. एकेका गाडीस चार चार बैल जुंपिले आहेत. गाडीचीं चाकें भरीव लांकडाचीं आहेत. आणि गाडींत स्त्रिया व मुलें आहेत. मिसरी शिपाई त्या गाड्यांवर तुटून पडले आहेत. हें चित्र मिसरी कारागिरानें राजाच्या गौरवासाठीं कोरिलें. राजानें स्त्रियांवर दया केली किंवा नाहीं, हें सांगण्याचा त्याचा हेतु नव्हता. तरी त्याच्या छिणीनें जें कोरिलें त्यावरून आपणांस कळतें कीं, ह्या सैन्याच्या मागें कुटुंबें होतीं. ज्यांस परत जावयाचें असतें ते आपला संसार गाडींत घालून लढाईस निघत नाहींत.

६. राख झालेल्यांचीं पांच नगरें

तिसऱ्या रामसेसाच्या मरणानंतर लगेच त्याच्या कृत्यांची एक मोठी यादी लिहविण्यांत आली. हा कागद चाळीस मीटरांहून अधिक लांब असून लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांत राजाच्या तोंडीं असें घातलें आहे कीं, चेकेर व पेलेसेत ह्यांची मीं राख केली; शर्देन व वेशेश ह्यांस असून नसल्यासारखें केलें. पण लागलीच पुढें तो म्हणतो कीं, मीं त्यांस बंदिवान करून आपल्या किल्ल्यांत वसविलें व आपल्या कोठारांतून त्यांस दरसाल कपडे व धान्य नेमून दिलें. ज्यांची राख झाली त्यांस धान्य कशास पाहिजे?

आणि खरोखर त्यांची राख झाली नाहीं. थोड्याच काळांत कनानाच्या दक्षिण किनाऱ्यावर गज्जा, अष्कलोन, अश्दोद, एक्रोन व गथ ह्या पांच नगरांत पलिष्टी धनी होऊन बसलेले दिसतात. चेकेर लोकही नाहींसे झाले नाहींत. इ. स. पू. १०७५ च्या सुमारास घडलेल्या गोष्टींविषयींचा एक मिसरी कागद मॉस्को येथें आहे. वेनामून नांवाच्या देवळाच्या कामगारास आमोन देवाच्या नौकेसाठीं लबानोनाचें लांकूड आणावयास पाठविलें होतें. वाटेंत तो दोर बंदरास लागला, तेव्हां तें चेकेरांचें नगर होतें. तेथें त्याचें सोनें व रुपें त्याच्याच जहाजावरील एकानें चोरिलें. आणि फारोच्या देशाचा हा माणूस त्यांच्या सरदारापुढें दाद मागत उभा राहिला. शंभर वर्षांत पारडें असें फिरलें. शत्रूंस दरसाल धान्य दिलें म्हणणाऱ्या तिसऱ्या रामसेसाच्या एकोणतिसाव्या वर्षीं राजांचीं थडगीं कोरणाऱ्या मजुरांस शिधा वेळेवर न मिळाल्यामुळें त्यांनीं काम बंद केलें होतें, हेंही मिसरी कागदांतच लिहिलें आहे.

राजाची आणखी एक बढाई अशीच उघडी पडते. कर्कमीश पडलें असें भिंतीवर आहे; पण तेथील राजघराणें पुढेंही चालू राहिलें. हत्तुशा ओस पडलें हें खरें. परंतु खोदकामावरून असें दिसतें कीं, आग लागण्यापूर्वींच राजा व दरबार तेथून निघून गेले होते. म्हणून सर्व नाशाचा दोष समुद्रावरील लोकांवर घालणें न्यायाचें नाहीं. अवर्षण, उपासमार, व्यापाराचा मोड व आपसांतील कलह ह्यांनीं घर आधींच खिळखिळें झालें होतें. आणि जे लुटीस आले, त्यांतले बहुत स्वतः कोठून तरी उखडलेले होते.

७. मातीची साक्ष

पलिष्ट्यांनीं आपला इतिहास लिहून ठेविला नाहीं. त्यांच्याविषयीं आपण जें वाचितों तें त्यांच्या शत्रूंनीं लिहिलेलें आहे. परंतु त्यांच्या घरांच्या जमिनी, चुली व थडगीं आतां बोलूं लागलीं आहेत. त्यांचीं आरंभींचीं मातीचीं भांडीं ग्रीस व त्याच्या बेटांतील भांड्यांच्या वळणावर, पण कनानांतल्याच मातीचीं घडविलेलीं आहेत. त्यांच्या मागाचीं वजनें त्याच दूरच्या धर्तीचीं आहेत. म्हणजे कुंभाराची व विणणाऱ्या बायांची कला समुद्र ओलांडून आली.

अष्कलोन येथें १९८५ पासून २०१६ पर्यंत खोदकाम झालें. तेथें बाराव्या शतकाच्या घरांत जमिनीखालीं पुरलेलीं चार अर्भकें सांपडलीं. अष्कलोनांतील दहा जुन्या माणसांच्या हाडांतून डी. एन. ए. नांवाचें आनुवंशिक द्रव्य काढून तपासण्यांत आलें व त्याचा निर्णय २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अर्भकांच्या रक्तांत युरोपच्या दक्षिण भागांतील लोकांचा अंश स्पष्ट दिसला. परंतु दोनशें वर्षांच्या आंतच पुढल्या पिढ्यांत तो इतका मिसळून गेला कीं, शेजाऱ्यांपासून त्यांस वेगळें काढितां येईना. कफतोराहून पलिष्टी आले असें आमोस (९:७) व यिर्मया (४७:४) सांगतात. कफतोर म्हणजे क्रेत, असें सामान्यतः मानितात. त्या अर्भकांचे आईबाप किंवा आजेआजोबा समुद्रापलीकडून आले होते, एवढें त्या हाडांनीं सांगितलें.

एक्रोन येथें १९९६ सालीं सांपडलेल्या इ. स. पू. सातव्या शतकाच्या शिलालेखांत तेथील अधिपतीचें नांव आहे. ज्याजवळ दावीदानें आश्रय घेतला त्या गथच्या राजाचें नांव आखीश होतें. ह्याचेंही नांव तेंच. परंतु लेखाची लिपि व भाषा कनानी वळणाची आहे. जुनें नांव घराण्यांत उरलें, बोली शेजाऱ्यांची झाली.

८. ह्या पाठाचा बोध

आतां मर्नेप्ताचा स्तंभ आठवावा. इस्राएलाचें बीज उरलें नाहीं असें त्यानें कोरविलें. पेलेसेतांची राख केली असें तिसऱ्या रामसेसाच्या नांवें लिहिलें गेलें. दोन्ही राजांच्या मागें दोन्ही लोक जिवंत राहिले, एकाच लहानशा देशांत शेजारीं शेजारीं राहिले, आणि एकमेकांशीं झगडले. जेत्याचा लेख वाचितांना तो खोटाच, असें समजूं नये. त्यांतील नांवें, जहाजें, गाड्या खऱ्या आहेत. पण लिहिणारा कोण, त्यास काय दाखवावयाचें होतें, आणि न कळत त्यानें काय दाखविलें, असे तीन प्रश्न प्रत्येक वेळीं करावे.

पलिष्ट्यांनीं इस्राएलावर जुलूम केला हें शास्त्र स्पष्ट सांगतें, व तें झांकण्याचें कारण नाहीं. तथापि त्याच शास्त्रांत दुसरें पानही आहे. दावीदाच्या पदरीं करेथी व पलेथी असे रक्षक होते, आणि पलेथी म्हणजे पलिष्टीच, असें पुष्कळ विद्वान मानितात. स्वतःचा मुलगा अबशालोम उलटला व दावीद अनवाणी यरुशलेम सोडून निघाला, तेव्हां गथचे सहाशें लोक त्याच्याबरोबर चालले. आणि तूं परका आहेस, परत जा, असें राजानें म्हटल्यावरही गथकर इत्तय त्यास सोडीना (२ शमुवेल १५:१८-२२). आमोस तर याहून पुढें जातो. ज्या परमेश्वरानें इस्राएलास मिसरांतून आणिलें, त्यानेंच पलिष्ट्यांस कफतोरांतून आणिलें, असें तो गर्विष्ठ झालेल्या इस्राएलास विचारून सांगतो. मेदिनेत हाबूच्या भिंतीवरील त्या चार बैलांच्या गाडींतील मुलें ह्या वचनाच्या बाहेर नाहींत.

म्हणून पुढच्या वेळीं गल्याथाचा धडा शिकवितांना त्याचें चिलखत व भाला जरूर सांगावा. पण त्याच्या पणज्या कोणत्या वाटेनें त्या किनाऱ्यावर आल्या, हेंही मुलांस सांगावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. 'समुद्रावरील लोक' हें नांव कोणीं दिलें? मिसरी लेखांतील कोणत्याही पांच टोळ्यांचीं नांवें सांगा.
२. शर्देन लोक आधीं कोण होते व पुढें काय झाले?
३. उगारितच्या राजाच्या पत्रावरून त्या काळच्या स्थितीविषयीं काय कळतें?
४. मेदिनेत हाबू येथील बैलगाड्यांच्या चित्रावरून कोणतें अनुमान निघतें?
५. आमोस ९:७ वाचा. हें वचन ऐकून इस्राएल लोकांस काय वाटलें असेल?